मना काय देशील?

सकाळी आठला मी चटणीसाठी मिक्सर लावला की वरच्या मजल्यावरून चपला वाजायच्या. जिन्यात फट फट, मग माझ्या दारावर थापा, आणि मग तो आवाज. खर्जातला, घशात मिठाचा खडा अडकल्यासारखा.

"सातारकर, बंद कर त्यो मिक्सर. झोपलेत ते."

पहिल्यांदा मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. चटणी अर्धवट टाकून बाहेर आलो आणि दबक्या आवाजात विचारलं, कोण झोपलंय? तर घरमालकांनी उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. डाव्या मनगटावर एक घड्याळ, उजव्या मनगटावर दुसरं. उजवं साडेतीन तास मागं. म्हणाले, मलावीत आत्ता साडेचार वाजलेत, उजाडायचं आहे अजून.

मलावी आफ्रिकेत. तळवली नवी मुंबईत. मधे अख्खा समुद्र. माझ्या मिक्सरचा आवाज घणसोली स्टेशनपर्यंतसुद्धा पोचला नसता. पण मालकांच्या बिल्डिंगमध्ये राहायचं तर आफ्रिका उठेपर्यंत जाडीभरडी चटणी खायची, असा नियमच होता. आम्ही सगळे भाडेकरू तो पाळायचो. तिसऱ्या खोलीतला ट्रकवाला तर तुर्भ्यावरून रात्रपाळी करून आला की चपला हातात घेऊन जिना चढायचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वर आफ्रिकेचे पाहुणे उतरलेत.

या माणसावर मी जेवढा जळलो तेवढा आयुष्यात कुणावर जळलो नाही. वर्गातल्या पहिल्या नंबरवर नाही, ऑफिसात माझ्या आधी प्रमोशन खाल्लेल्यावर नाही. जळायचं म्हणजे कसं, पोटात कुणीतरी ओली लाकडं घालून चूल फुंकतंय तसं. जाळ नाही, नुसता धूर. आणि कारण काय, तर त्या माणसाला जे फुकटात मिळत होतं ते मला घाम गाळून मिळत नव्हतं.

माझं सांगायचं तर, मी आवाज काढतो. कुणाचाही. रहिमतपूरच्या शाळेत असताना एकदा हेडमास्तरांच्या आवाजात शिपायाला घंटा द्यायला सांगितली होती, आणि शाळा सुटली होती. खुद्द हेडमास्तर सायकल काढून निघाले होते घरी. पुढं त्याच गळ्यावर मला महापेच्या एका कंपनीत नोकरी लागली. दिवसभर कानाला हेडफोन, समोरचा जसं इंग्रजी बोलेल तसं आपण बोलायचं. बाहेरच्या देशातल्या आज्या मला विचारायच्या, बाळा, तू कुठल्या गल्लीतला? मी त्यांच्याच शहरातली एखादी गल्ली ठोकून द्यायचो. थोडक्यात, लोकांना आपलंसं करणं हा माझा धंदा होता. आणि या धंद्यात मला चीत केलं ते एका हाफपँटवाल्या माणसानं, ज्याचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढं कधी गेलं नाही.

हाफपँट, पण वर कडक इस्त्रीचा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. काखेत छत्री. जानेवारीच्या उन्हात छत्री, कारण तिकडं पावसाळा चालू. आणि जुलैत तळवलीच्या नाक्यावर रिक्षा बुडायची वेळ आली तरी मालक बिनछत्रीचे. एकदा ओलेचिंब होऊन दारात उभे होते आणि मालकीणबाई टॉवेल फेकून म्हणाल्या, "छत्री कनाला घेतली नाय?" तर हे शांतपणे, "तिकरं कोरडा हाय." मालकीणबाईंनी मग टॉवेलपण परत घेतला. म्हणाल्या, मग तिकरंच पुसून ये.

आता हे आफ्रिकेचं वेड कुठून लागलं ते सांगतो. मालक मूळ तळवलीचेच. लहानपण मिठागरात गेलं, जवानी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत, आणि कंपनी बंद पडल्यावर गावठाणात बिल्डिंग बांधून आमच्यासारखे भाडेकरू भरले. गावठाणाला लागूनच सेक्टरमधल्या मोठमोठ्या सोसायट्या. त्यातल्या एका सोसायटीत सबनीस मॅडम राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांनी काही लोक जमवून एक गट काढला होता. परदेशातलं एखादं गाव धरायचं, त्यांच्याशी सलग संबंध ठेवायचा, त्यांच्या कामाला हातभार लावायचा. असे गट बऱ्याच शहरांत असतात म्हणे, आणि वर एक मोठी संस्था असते, ती गावाशी गाठ घालून देते. मॅडमच्या गटाला मिळालं मलावीतल्या तळ्याकाठचं एक मासेमारीचं गाव.

पहिल्या मीटिंगला मालक गेले ते भलत्याच कामाला. सोसायटीचा पाण्याचा टँकर गावठाणाच्या गल्लीत उभा राहतो म्हणून भांडायला. क्लबहाऊसमध्ये खुर्च्या मांडलेल्या बघितल्या, बसले. समोर पडद्यावर तळ्याचे फोटो. मॅडम सांगत होत्या, तिथल्या बायका वाळूवर मासे सुकवतात, पाऊस आला की सगळं जातं. मालक उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता टँकर निघणार. तर यांनी विचारलं, "वाळूव कनाला सुकवतान? मांडव नाय घालत?" आणि खाली बसले ते बसलेच. टँकर अजून गल्लीतच उभा राहतो. पण गटाचं नाव पुढं मालकांनीच ठेवलं. मॅडमच्या डोक्यात काहीतरी 'वैश्विक' वगैरे होतं. मालक म्हणाले, शेजार. त्यावर वाद झाला नाही, कारण बोर्ड मालकांनी स्वतःच रंगवून आणला होता.

मी गटात शिरलो ते दुभाष्या म्हणून. मालकच घेऊन गेले मला. मॅडमना म्हणाले, "यो सातारकर. पोपट हाय. कुठलापन बोल बोलतो." मॅडमचं इंग्रजी छानच आहे, पण ते बँकेतल्या इंग्रजीसारखं, प्रत्येक वाक्याखाली सही-शिक्का असल्यासारखं. माझं कसं, हवं तसं वळतं.

तिकडून बोलायला ग्रेस नावाची बाई. शाळेत शिकवते, बायकांच्या गटाची प्रमुख. तिच्या शेजारी कायम तिची आत्या, जाडजूड, डोक्याला रंगीत फडकं, तोंडात दात मोजकेच. मागं बाकीच्या बायका, कोंबड्या, पोरं. पहिल्या कॉलला मी अशी तयारी केली होती म्हणून सांगू. त्यांच्याकडच्या माणसांचे व्हिडिओ बघून बोलण्याची ढब उचलली. नमस्कार त्यांच्या भाषेत पाठ केला. बोललो आणि तिकडं सगळ्यांनी माना हलवल्या. छान हलवल्या. शाळेत पाहुणा भाषण करताना आपण हलवतो तशा.

मॅडमनी विचारलं, तुमच्या काय काय गरजा आहेत. मी ते इतकं गोड करून सांगितलं की माझं मलाच भरून आलं. ग्रेसनं कागद काढला आणि वाचायला लागली. जाळी, पत्रे, शिलाई मशीन. आत्या जांभई देत होती.

तेवढ्यात मालक खुर्ची ओढत पुढं आले. माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये तोंड घातलं आणि आत्याकडं बघून म्हणाले, "मना काय देशील?"

'मला काय देशील', हे मी कसं सांगणार इंग्रजीत? मॅडमनी डोळे मिटले. मालकांनी माझी वाट बघितलीच नाही. ओंजळ पुढं केली आणि पुन्हा म्हणाले, "ए बाय. मना काय देशील?"

मग आत्या खो खो हसायला लागली. हसता हसता उठली, घरामागं गेली आणि मोठ्या मोठ्या पानांची जुडी आणून कॅमेऱ्यासमोर नाचवायला लागली. भोपळ्याची पानं. ती कशी चिरायची, देठाचे दोरे कसे काढायचे, शेंगदाण्याचा कूट घालून कशी शिजवायची, हे तिनं हातवारे करून सगळं सांगितलं आणि मालकांनी हातवारे करून सगळं समजून घेतलं. मधे मला कुणी विचारलंच नाही. मी दुभाष्या, आणि माझ्या डोक्यावरून भोपळा चालला होता.

कॉल संपल्यावर मॅडम त्यांच्या परीनं रागावल्या. म्हणजे चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, आपण द्यायला बसलोय इथं, मागायला नाही, त्या गरीब बायकांना काय वाटलं असेल. मालक म्हणाले, काय वाटायचं, भाजी आवडली तर सांगीन ना तिला. आणि दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी ती केली. खरं सांगतो, लय भारी झाली होती. मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा जळत जळत खाल्ली.

तेव्हापासून प्रत्येक कॉलला हेच. आम्ही सगळे आपले गरजा लिहून घ्यायचो. इथून जाळी गेली, पत्रे गेले, मशीनं गेली, मासे सुकवायचे मांडव उभे राहिले. कामं सगळी नीट झाली, त्यात मॅडमचा हात धरणारं कुणी नाही. आणि शेवटी मालक पुढं सरकून विचारायचे, मना काय देशील? आणि तिकडच्या बायका त्या क्षणाची वाट बघत असायच्या. आधी आपापसात भांडायच्या, आज कोण देणार म्हणून. कुणी कोंबड्यांना बोलवायची हाळी दिली. मालकांनी ती गच्चीवर जाऊन दिली आणि मालकीणबाईंच्या कोंबड्या खरंच आल्या. कुणी चटई धाडली. एकदा तिकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर त्यांच्या तळ्यातल्या सुक्या मासळीचं पुडकं आलं आणि मालकांनी ते मोठ्या अभिमानानं क्लबहाऊसमध्येच उघडलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस गॅस गळतीची चर्चा चालू होती.

मी काय कमी प्रयत्न केले? मी गाणं म्हटलं. जादूचे प्रयोग केले. ग्रेसच्या शाळेतल्या पोरांना रोज अर्धा तास इंग्रजीचे उच्चार शिकवले, तेसुद्धा माझ्या शिफ्टच्या आधी. ग्रेस म्हणायची, थँक्यू, थँक्यू, देव तुझं भलं करो, आणि मालक कुठं आहेत? दर वेळी. देव माझं भलं करो आणि मालक कुठं आहेत.

मग मी सूड म्हणून मालकांची नक्कल बसवली. ती माझी सगळ्यात भारी नक्कल. दोन मनगटं, काखेतली छत्री, बोलण्याआधी नाकातून निघणारी ती शिट्टी, सगळं. गटात मीटिंग संपली की लोक थांबायचे त्यासाठी. मॅडमसुद्धा हसायच्या, रुमाल लावून. मालकांसमोर मात्र मी कधी केली नाही. एकदा जिन्यात करत होतो आणि मालकीणबाई आतून ओरडल्या, अवो, जेवाला या लवकर. मी गेलो असतो तर वाढलंही असतं.

आणि मग ती तिकिटाची बातमी आली.

वरच्या संस्थेनं ठरवलं की प्रत्येक गटातून एका माणसानं तिकडच्या गावात जाऊन महिनाभर राहायचं. खर्च संस्थेचा. पण माणूस कुठला, हे तिकडच्या गावानं सांगायचं.

मी आयुष्यात विमानात बसलो नव्हतो. आमच्या खोलीवरून विमानं जायची, नवीन विमानतळ झाल्यापासून जास्तच, आणि मी चटणी वाटता वाटता वर बघायचो. मला वाटलं, हे माझंच. दुभाष्या मी, उच्चार शिकवणारा मी, तरुण मी. मॅडमनापण तसंच वाटत होतं, त्यांनी मला पासपोर्ट काढून ठेवायला सांगितलं. आईला फोन केला. आईनं अख्ख्या आळीत सांगितलं की पोरगा आफ्रिकेला चाललाय. त्यामुळं आता न जाऊन भागणारच नव्हतं.

ज्या रविवारी तिकडून नाव कळवणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वाशीच्या हॉस्पिटलात पडून होते. क्लबहाऊसमध्ये आम्ही सगळे जमलो, कॉल लागला, पण तिकडं नेट खराब. चित्र नाही, नुसता आवाज. ग्रेसनं पहिलाच प्रश्न तो विचारला. मालक आहेत ना? आज मांडवांचं उद्घाटन आहे, सगळं गाव जमलंय, दोन शब्द त्यांनीच बोलायचेत.

मॅडमनी माईक बंद केला. आता काय सांगायचं? समारंभाच्या दिवशी ऑपरेशनचं सांगायचं तर त्यांचा विरस होणार. मी म्हटलं, चित्र तर दिसत नाहीये. काढू का आवाज?

मॅडम आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी त्याला होकार धरला.

माईक चालू केला. आधी नाकातली शिट्टी. मग खर्ज. "काय गो बायांनो, बऱ्या हाव ना?" तिकडं एकच गलका झाला. मागं गटातले लोक तोंडावर हात धरून बघत होते. मी मालकांच्या आवाजात बोलायचो, मग खुर्चीतून थोडा बाजूला सरकून माझ्या आवाजात त्याचं इंग्रजी करायचो, मग परत सरकून मालक. रंगात आलो होतो. मांडवांचं कौतुक केलं. आणि मग पोटातला धूर तोंडातून बाहेर पडला. मालकांच्या आवाजात मी म्हणालो, "मी आता म्हातारा झालू. माज्यान काय येवाचा नाय. तुमी सातारकराला बोलवा. लय गुनाचा पोर हाय." आणि बाजूला सरकून, माझ्या आवाजात, लाजत लाजत त्याचं भाषांतर केलं. त्यात 'गुणाचा'च्या जोडीला 'हुशार'पण घातलं.

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं, भारावले. म्हणून शेवट गोड करायला मालकांच्या आवाजात विचारलं, "बोला, तुमाला अजून काय काय पायजे?"

बाजूला सरकून त्याचंही इंग्रजी केलं. लाटांचा आवाज ऐकू येत होता तळ्याच्या. मग ग्रेसनं इंग्रजीत विचारलं, "हे कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "मालक."

"नाही," ती म्हणाली. "ते कुठं आहेत?"

तेवढ्यात मागून एक हुंदका ऐकू आला. आत्या. मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होती, आणि एकामागून एक बायका तिच्याबरोबर रडायला लागल्या. ग्रेसचा आवाज पण हलला. तिनं विचारलं, ते गेले का? आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही असं करताय का?

मांडवांचं उद्घाटन होतं तिकडं. सगळं गाव जमलेलं. आणि मी त्यांचा माणूस मारून टाकला होता.

मॅडमनी माझ्या हातातून माईक घेतला आणि त्यांच्या त्या सही-शिक्क्याच्या इंग्रजीत सगळं खरं सांगून टाकलं. ऑपरेशन, हॉस्पिटल, सातारकर, नक्कल. कुणाला खरं वाटेना. शेवटी मी रिक्षा करून वाशीला पळालो, वॉर्डात घुसलो आणि मालकांच्या हातात फोन दिला. सलाईन लावलेल्या माणसानं फोन कानाला धरला, मला काहीच न विचारता म्हणाला, "ए बाय. आज काय देशील?" आणि पलीकडं रडता रडता असं हसू फुटलं की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं उठून बघितलं.

मी ग्रेसला नंतर विचारलं, तुम्हाला कळलं कसं? आवाज तर सेम होता. ती म्हणाली, आवाज सेमच होता, आम्ही फसलोच होतो. पण तू विचारलंस, तुम्हाला काय पाहिजे. ते आम्हाला सगळेच विचारतात. गाडीतून येणारे साहेब विचारतात, फॉर्म घेऊन येणाऱ्या मुली विचारतात. मालकांनी कधी विचारलं नाही.

नाव अर्थातच मालकांचं लागलं.

संध्याकाळी वॉर्डात मी मालकांना सगळं सांगितलं, म्हटलं दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. सातारकराला बोलवा, लय गुणाचा पोर आहे, हे ऐकल्यावर ते हसायला लागले आणि टाके दुखायला लागले. पोट धरून म्हणाले, "हसवू नको रं, फाटंल." मग पुन्हा हसले. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं, तर मालक म्हणाले, ऱ्हाऊदे त्याला.

मग ते मिठाचं सांगितलं. मालक लहान असताना मिठागरावर कामाला बाहेरून माणसं यायची, बायकापोरं घेऊन. झोपड्या बांधायची. नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्याच दिवशी मालकांची आई वाटी घेऊन त्या बाईच्या दारात जायची आणि मीठ मागायची. मी म्हटलं, मिठागरात राहून मीठ?

"घरात पोती व्हती," मालक म्हणाले. "गुडघ्यापर्यंत मीठ व्हता आमच्याकरं. तरी जायची. मी इचारला तिला, कनाला जातेस? तर बोलली, आज मी मागला म्हंजे उद्या ती मागाला लाजनार नाय."

एवढं बोलून ते डोळे मिटून पडले. मी त्यांच्या दोन्ही घड्याळांकडं बघत बसलो, नर्सनं ती काढून टेबलावर ठेवली होती. आणि काय वाटलं सांगू? चांगलं काही वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, मी तीन वर्षं राहतोय याच्या खोलीत. हजारो मैलांवरच्या म्हातारीकडं हा माणूस भोपळ्याची पानं मागतो. माझ्याकडं कधी चिमूटभर मीठ मागितलं नाही.

मालक निघाले त्या दिवशी अर्धी तळवली विमानतळावर. फुल पँट घालायला लावली होती मालकीणबाईंनी, त्यात ते दुसऱ्याचे पाय लावल्यासारखे चालत होते. गावासाठी प्रत्येकानं काही ना काही दिलं होतं. मॅडमनी शाळेसाठी पुस्तकं, ट्रकवाल्यानं पोरांना हॉर्नचे रबरी भोंगे, मालकीणबाईंनी सुका जवळा. सगळे मला विचारत होते, तू काय दिलंस? मी म्हटलं, माझं तिकीट दिलं की. लोक हसले. मी जोक केला नव्हता.

आत जाताना मालकांनी दोन्ही घड्याळं अदलाबदल केली. तळवलीचं उजव्या हाताला. मला म्हणाले, लाव आता मिक्सर बिनधास्त.

लावला ना. दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता, झाकण हातानं दाबून धरून, फुल स्पीडवर. सूड म्हणून शेंगदाणे जास्त घातले. अर्धं मिनिट झालं नसेल, दारावर थाप. मालकीणबाई उभ्या.

"बंद कर त्यो. झोपलाय तो."

पहिला कॉल त्या रविवारी लागला. क्लबहाऊस भरलं होतं. या वेळी चित्र एकदम स्वच्छ. तळं, मांडव, मांडवांवर चमकणारे मासे, आणि मधोमध हाफपँट. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. एका बाजूला ग्रेस, दुसऱ्या बाजूला आत्या, आत्याचा हात मालकांच्या खांद्यावर असा की जणू सख्खा भाऊ. पोरं भोंगे वाजवत होती. मालक एकेक वस्तू दाखवून सांगत होते, ही मॅडमनी धाडली, ही आमचे बायकोन धाडली, आणि ग्रेस ते तिकडच्यांना सांगत होती. त्यांना एकमेकांचं बरंच कळत होतं. मी कोपऱ्यात बसून होतो, दुभाष्या म्हणून माझी काही गरज पडत नव्हती.

सगळं वाटून झालं आणि मालक कॅमेऱ्यात तोंड घालून शोधायला लागले.

"सातारकर कुठं हाय? त्याला पुढं घ्या."

मला ढकलून पुढं बसवलं. मालकांनी आत्याला माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, "यान काय धाडला नाय." ग्रेसनं सांगितलं. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मला वाटलं, आता इथं पण इज्जत काढणार हा माणूस.

तर मालकांनी ओंजळ पुढं केली. तीच, भोपळ्याच्या पानांवेळची.

"सातारकर. मना काय देशील?"

माझ्या घशातून आवाज निघेना. माझ्या, म्हणजे ज्याच्या घशात डझनभर माणसं राहतात त्याच्या. म्हटलं, माझ्याकडं काय आहे मालक?

"माजा आवाज हाय तुज्याकरं," ते म्हणाले. "सगल्यांना दावतंस, मनाच नाय दावला. दे."

मी उठलो. कुणाची तरी छत्री काखेत घेतली. नाकातून शिट्टी काढली. दोन्ही मनगटं वर धरून एकदा हे बघितलं, एकदा ते, आणि खर्ज लावला.

"बंद कर त्यो मिक्सर. झोपलेत ते."

मालक आधी नुसते बघत राहिले. मग पोटाला हात लावला, टाक्यांच्या जागी, आणि जे हसायला लागले ते थांबेचनात. मी मिक्सरचं सगळं प्रकरण इंग्रजीत सांगितलं, ग्रेसनं ते गावाला समजावलं तसं तिकडं एकेक जण लोळायला लागलं. आत्या मालकांच्या पाठीत धपाधप मारत होती. आमच्यासाठी तू सगळ्यांचे मिक्सर बंद केलेस? असं काहीतरी विचारत असावी.

इकडं क्लबहाऊसमध्ये टाळ्या. मी स्क्रीनकडं बघितलं. एवढी दाद मला कधी मिळाली नव्हती, आणि त्यातलं एकही माणूस माझ्याकडं बघत नव्हतं. नक्कल माझी, आणि सगळे बघत होते त्याच्याकडं.

चूल पुन्हा धुमसली. आता तर डोळ्यांतूनपण पाणी आलं, धूर म्हणजे धूरच असतो.

वेळ संपत आली होती. मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, छान झालं हो, आता बंद करूया का?

मी छत्री या काखेतली त्या काखेत घेतली. म्हटलं, थांबा मॅडम, अजून आहे माझ्याकडं.